पावणेचारची खिडकी

माणसाच्या मनात काय चाललंय हे मला तो कॉफी कशी ढवळतो यावरून कळतं. निदान गेल्या वसंतापर्यंत मी असं सगळ्यांना सांगत असे, आणि सांगताना समोरच्याच्या कपाकडे असा काही बघत असे की बिचारा साखर न ढवळताच पिऊन टाकायचा.

मी रऊफ कमून. स्फाक्स बंदरापासून हाकेच्या अंतरावर आमची कंपनी आहे. जहाजातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचे कागद तयार करणं हा आमचा धंदा. तीन मजले, एक जिना आणि मला धरून एकेचाळीस माणसं. त्या माणसांच्या नेमणुका, रजा, रुसवे, कुणाच्या खुर्चीचं चाक कुणी पळवलं त्याचा निवाडा, हे सगळं एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे.

एका सोमवारी मालकांनी, म्हणजे सी तौफिक शाबूनींनी ('श्री'ला आम्ही 'सी' म्हणतो), मला बोलावलं आणि विचारलं, "रऊफ, आपली माणसं समाधानी आहेत का?"

मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्यामागे दुसरा कुणीतरी रऊफ उभा आहे. आमच्या गावात काम हे श्वासासारखं असतं. सकाळी उठायचं आणि करायचं. श्वास घेताना समाधान मिळतं का, असं कुणी कुणाला विचारत नाही. आणि सी तौफिक तर असे, की स्वतःच्या लग्नातही दुपारी तासभर ऑफिसला जाऊन आले होते.

"जेनोवाची ती कंपनी आपल्याला काम द्यायला तयार आहे," ते म्हणाले. "पण त्यांना आधी बघायचंय, आपले लोक समाधानी आहेत की नाही. हल्ली त्यांच्याकडे ते बघतात म्हणे. माल वेळेवर पोचतो का ते नंतर. महिनाअखेरीस त्यांची एक बाई येणार आहे. तुला किती दिवस लागतील?"

"दोन," मी म्हणालो. "खरं तर न विचारताही लिहून देईन. मला सगळ्यांची मनं पाठ आहेत."

"विचार. कागदावर विचार."

मी वीस प्रश्नांचा फॉर्म केला. बसायची जागा कशी आहे, वरिष्ठ नीट बोलतात का, घरी जाताना मन हलकं असतं का, वगैरे. प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे. शेवटी एक मोकळा प्रश्न: कामावर तुम्हाला सर्वांत जास्त समाधान कधी मिळतं? मग सगळ्यांना खालच्या दालनात जमवून छातीवर हात ठेवून सांगितलं, "नाव नको, सही नको. मनातलं लिहा. कोणी लिहिलं हे कुणालाही कळणार नाही. मलाही नाही." शेवटचं वाक्य मी जरा हसूनच म्हणालो.

दोन दिवसांत चाळीस फॉर्म आले. सगळीकडे तीन. जागा तीन, वरिष्ठ तीन, घरी जाताना मन तीन. एकाने मोकळ्या प्रश्नाखालीही 'तीन' असंच लिहिलं होतं.

हिशेब विभागात बशीर त्रिकी म्हणून आहे, तोच आमच्या युनियनचाही माणूस. मी त्याला गाठलं. "बशीर, हे काय आहे?"

"सी रऊफ, साधी गोष्ट आहे," तो म्हणाला. "एक लिहिलं तर मालक विचारणार, काय कमी पडतंय तुला? पाच लिहिलं तर म्हणणार, मग पगारवाढ कशाला हवी? तीन म्हणजे तब्येत बरी आहे, देवाची कृपा आहे, आणखी काही विचारू नका."

मी हताश होऊन शेवटचे फॉर्म चाळत होतो आणि सदतिसाव्या फॉर्मवर थांबलो. तिथेही वीसच्या वीस तीन होते. पण खाली, मोकळ्या प्रश्नाखाली, निळ्या शाईत बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'दुपारी पावणेचारला, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातल्या खिडकीत. करकेना बेटांची लूद तेव्हा सुटते. ती धक्क्यापासून हलते तिथपासून बंदराचा दिवा ओलांडेपर्यंत चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत मला कुणी हाक मारत नाही.'

लूद म्हणजे आमची बेटांवर जाणारी बोट. दिवसातून कितीतरी वेळा जाते-येते. मी जन्मापासून ती बघतोय, म्हणजेच कधी बघितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला मी त्या खिडकीपाशी गेलो. म्हटलं, लिहिणारा आयता सापडेल. तिथे कुणी नव्हतं. अरुंद जिना, एक धुळकट काच, खाली बंदर. उन्हाने पाणी इतकं पांढरं झालं होतं की समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. लूद हलली. आवाज काही येत नव्हता. एक मोठा पांढरा डबा कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसा हळूच वळला आणि निघाला. कठड्याला टेकलेली माणसं ठिपक्याएवढी झाली. मागे पाण्यावर एक रेघ उमटली, रुंद होत गेली, पुसट झाली. मला माझी आई उन्हात वाळवण घालताना गुणगुणायची ते आठवलं. का आठवलं, ठाऊक नाही. बोटीशी त्याचा काही संबंध नव्हता. माझ्या हातातली फाइल कधी खाली गेली तेही कळलं नाही.

तेवढ्यात पावलं वाजली. आमच्या टेलिफोनवरच्या रादियाबाई, आमच्याकडच्या मानाच्या रीतीने लल्ला रादिया, जिना चढून येत होत्या. मला बघून त्या मधल्याच पायरीवर थबकल्या.

"काही हवंय का, लल्ला रादिया?"

"नाही, सी रऊफ. फाइल न्यायला आले होते." आणि वळून उतरायला लागल्या.

खालून फोनची घंटा ऐकू आली. "फोन वाजतोय," मी म्हणालो.

"वाजतोय खरा," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी परत खिडकीकडे वळलो तर लूद दिव्यापलीकडे गेली होती. इथेच मी तो कागद खिशात घालून गप्प बसलो असतो तर ही गोष्ट तुम्हाला सांगायची वेळ आली नसती. पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता, आणि तो पडला की मला आवरणं कठीण जातं.

मी सी तौफिकना तो फॉर्म वाचून दाखवला.

"रोज चार मिनिटं?" ते म्हणाले. "कोण आहे हा?"

"ते महत्त्वाचं नाही. हे सोनं आहे. एकाला जर चार मिनिटांत एवढं समाधान मिळतं, तर चाळीस जणांना द्या. जेनोवाच्या बाई बघतील, सगळं ऑफिस समाधानाने समुद्राकडे बघतंय. आणि खर्च शून्य."

'शून्य' या शब्दावर त्यांचा चेहरा मऊ झाला. "करून बघ," ते म्हणाले.

मी सूचनाफलकावर पत्रक लावलं: पावणेचार ते तीन एकोणपन्नास, समाधानाची वेळ, स्थळ दुसऱ्या मजल्याचा जिना, सर्वांनी लाभ घ्यावा. मालकाच्या परवानगीने काम थांबवणं ही गोष्ट आमच्याकडे इतकी नवी होती की पहिल्या दिवशी अकराजणच आले, तेही हातात कागद घेऊन, म्हणजे कुणी रागावलं तर कामात होतो म्हणता येईल. दुसऱ्या दिवशी तीसजण आले. त्या जिन्यात सहा माणसं धड उभी राहत नाहीत. पुढचे काचेला नाक लावून, मागचे त्यांच्या मानेकडे बघत, आणि पायऱ्यांवरचे "निघाली का, निघाली का?" असं विचारत. मी पाळ्या लावल्या. पाळ्यांसाठी वही केली. वहीत सही करायला रांग लागली आणि रांगेतच चार मिनिटं संपायला लागली.

मग बशीरने वेळ धरायला सुरुवात केली. "एक मिनिट झालं," तो घड्याळ बघून मोठ्याने सांगायचा. "दोन झाली. आयात विभाग, जागा करा." मी काच पुसून घेतली, तर पुसणाऱ्याने जोर लावून खिडकीची कडीच मोडली. एक कुंडी आणून ठेवली, त्यामुळे एका माणसाची जागा कमी झाली. आणि ज्या लोकांनी एकोणीस वर्षांत माझ्याकडे एकही लेखी तक्रार केली नव्हती, त्यांनी तक्रारींचा पाऊस पाडला. 'माझ्यापुढे नेहमी उंच माणूस असतो.' 'शनिवारची लूद लहान असते.' 'आमच्या पाळीत मालवाहू जहाज मधे आलं, तरी बदली पाळी मिळावी.'

एका गुरुवारी लूद वीस मिनिटं उशिरा सुटली आणि दोन विभाग एकाच पायरीवर आले. जवळजवळ हातघाईवर प्रकरण आलं. मी तणतणत खाली आलो आणि लल्ला रादियांना म्हणालो, "बोटीच्या ऑफिसला फोन जोडून द्या."

"करकेनाला जाताय?"

"नाही हो. लूद उशिरा का सुटते ते विचारायचंय."

त्यांनी बोटं बटणांवर ठेवली आणि क्षणभर तशीच राहू दिली. "वाऱ्यामुळे," त्या हळूच म्हणाल्या. मग फोन जोडून दिला.

पलीकडून एक जाड आवाज आला. मी म्हणालो, "तुमची पावणेचारची बोट वेळेवर सोडत चला. इथे चाळीस माणसांचं समाधान खोळंबतं."

"तिकिटं काढलीत का?"

"नाही. आम्ही फक्त बघतो."

मग तो माणूस म्हणाला, "बघायला आम्ही काही घेत नाही, साहेब. पण मग ऐकूनही घेत नाही." आणि फोन ठेवला.

या सगळ्या धांदलीत त्या कागदाचा लेखक शोधायचं काम मी सोडलं नव्हतं. मनं ओळखणाऱ्याला ते कितीसं अवघड? सीमाशुल्काचे कागद भरणारा स्लीम मेझगानी मला पहिल्यापासून तसाच वाटत होता. केस वाढवलेले, कॉफी उलटी ढवळतो, फोनवर कविता टिपतो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "मला कळलंय. लाजू नकोस. फार सुंदर लिहिलंस." तो लाल झाला, काहीतरी पुटपुटला आणि त्याने मान खाली घातली. झालं. जेनोवाच्या बाईंसमोर चार शब्द बोलायचं काम मी त्यालाच दिलं.

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर लल्ला रादियांचा अर्ज आला. सव्वीस वर्षं त्या आमच्या टेलिफोनवर आहेत. आता त्यांना गाबेस रस्त्यावरच्या गोदामात बदली हवी होती. ते गोदाम म्हणजे मीठ आणि पत्रे. वाराही तिथे थांबत नाही. कारण लिहिलं होतं: 'जिना झेपत नाही.'

मला हसू आलं. मी त्यांना बोलावलं. "लल्ला रादिया, तुमची जागा तर तळमजल्यावर आहे. जिना तुम्हाला चढावा लागतो कुठे?"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

मला काही कळलं नाही. मी अर्ज 'नंतर बघू'च्या ढिगात ठेवला आणि त्यांना सांगितलं की गाबेस रस्त्यावर फोनसुद्धा धड लागत नाही. "ते ऐकलंय मी," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखं दिसलं.

मग तो दिवस आला. जेनोवाच्या सिन्योरा परोदी पावणेचारला येणार होत्या. मी आदेश काढला होता: साडेतीनपासून सगळे जिन्यात, इस्त्रीचे कपडे, चेहऱ्यावर शांत भाव. दारावरच्या राखणदारालाही वर घेतलं, कारण समाधानात भेदभाव नको. सी तौफिक सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहिले. सकाळपासून वारा सुटला होता. चाळिसांचे चाळीस फॉर्म एका निळ्या फाइलमध्ये घालून मी ती बगलेत मारली होती. बाईंनी मागितले तर दाखवायला. खाली फक्त लल्ला रादिया राहिल्या होत्या, कारण टेलिफोन कुणीतरी बघायला हवा.

बाई आधीच्या गाडीने आल्या असतील आणि बंदर बघत चालत निघाल्या असतील, कोण जाणे, पण त्या पाच मिनिटं आधीच दारात हजर. दाराची घंटा ऐकून मी धावत खाली निघालो, तर पहिल्या मजल्याच्या वळणावर मला खालचं बोलणं ऐकू आलं. दार लल्ला रादियांनी उघडलं होतं. सिन्योरा परोदी म्हणजे बुटक्या, आखूड पांढऱ्या केसांच्या, पायात चालायचे जाड बूट. फ्रेंचमध्ये बोलत होत्या, अगदी सरळ, जणू वेळ विचारावी तसं.

"तुम्ही इथे समाधानी आहात का?"

"तीन," लल्ला रादिया म्हणाल्या.

"पैकी?"

"पाचपैकी."

"नेहमी तीनच?"

"नाही. पूर्वी पाच. कागदावर तेव्हाही तीनच लिहिलं, पण होतं पाच."

"मग काय झालं?"

"सगळ्यांना समाधानी करायचं ठरलं," लल्ला रादिया म्हणाल्या.

मी उरलेल्या पायऱ्या एका उडीत संपवल्या, बाईंचा हात हातात घेतला, आणि त्या आणखी काही विचारण्याआधी त्यांना वर घेऊन गेलो.

जिन्यात सदतीस-अडतीस माणसं दाटीवाटीने, शांत भावाने उभी होती. शांत भाव दहा मिनिटं धरून ठेवल्यामुळे काहींचे गाल थरथरत होते. स्लीम खिडकीशी होता. त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "मॅडम, रोज या वेळी आमची लूद निघते, आणि तिच्याबरोबर आमचं मन…"

सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. धक्क्याशी लूद होती. दोरांनी घट्ट बांधलेली. तिच्यावर चिटपाखरू नव्हतं.

"वारा आहे," बशीर घड्याळाकडे बघत म्हणाला. "आज सुटणार नाही. एक मिनिट झालं."

स्लीमचं मन तसंच मधे लोंबकळत राहिलं. मी ते सावरायला पुढे सरसावलो, कुंडीला पाय लागला, तोल सावरायला मी खिडकीचा आधार घेतला. त्या खिडकीला कडी नव्हती. ती धाडकन उघडली, समुद्राकडून वारा आत घुसला, आणि माझ्या बगलेतली फाइल सुटली.

चाळीस कागद एकदम हवेत गेले. मला वाटलं, क्षणात सगळे खाली जातील. पण जिन्याच्या पोकळीत वारा खालून वर येत होता, आणि ते कागद पडेचनात. ते फिरत राहिले. उन्हाची एक तिरीप आत आली होती, तिच्यातून एकेक कागद जात होता आणि उजळत होता. बगळ्यांचा थवा उतरायची जागा शोधतो तसे ते सावकाश, वळणं घेत, एकमेकांना वाट देत खाली निघाले होते. बशीरने घड्याळाकडे पाहिलं नाही. सी तौफिक कठड्यावर हनुवटी टेकून, शाळेतल्या पोरासारखे, खाली बघत होते. आमच्या ऑफिसात इतकी शांतता मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती.

मग शेवटचा कागद खाली टेकला आणि मला माझी छातीवर हात ठेवून घेतलेली शपथ आठवली. मी खाली धावलो.

लल्ला रादिया वाकून कागद गोळा करत होत्या. त्यांनी गठ्ठा नीट लावला. त्यातला एक काढला, चार घड्या घातल्या आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

"लल्ला रादिया, तो ऑफिसचा कागद आहे."

"अक्षर माझं आहे, सी रऊफ."

निळी शाई. बारीक अक्षर. त्यांच्या टेबलावर सव्वीस वर्षं निरोपांच्या चिठ्ठ्या त्याच अक्षरात लिहिल्या जातात, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या नावाच्या असतात. आमच्या भाषेत रादिया या नावाचा अर्थच मुळी समाधानी. चाळीस माणसांत समाधानी कोण म्हणून मी महिनाभर कॉफीचे कप बघत हिंडत होतो.

इतक्यात सिन्योरा परोदी खाली आल्या आणि त्यांनी गठ्ठा मागून घेतला. अरबी त्यांना येत नव्हतं, पण आकडे येत होते. त्या पानं उलटत गेल्या. "सगळे तीन?" त्यांनी विचारलं. सी तौफिक भिंतीच्या रंगाचे झाले.

"मागच्या महिन्यात एका कंपनीत गेले होते," बाई म्हणाल्या. "तिथे सगळे पाच होते. आणि एकही माणूस माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता. तीन ठीक आहे. तीनबरोबर काम करता येतं." मग लल्ला रादियांकडे वळून म्हणाल्या, "पण या बाईंचे दोन कुठे गेले ते शोधा."

काम मिळालं. सी तौफिकनी माझी पाठ थोपटली. मी मात्र त्या दिवशी कॉफी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी आधी स्लीमला गाठलं. "अरे, तू लिहिलं नव्हतंस तर बोलला का नाहीस?"

"तुम्ही इतक्या प्रेमाने सांगितलंत, सी रऊफ," तो म्हणाला, "मला वाटलं, मीच लिहिलं असेन."

मग लल्ला रादियांपुढे जाऊन उभा राहिलो. त्यांनी मधे तीन फोन घेतले, दोन निरोप लिहिले. प्रत्येक वेळी दारातून कुणीतरी "रादिया!" म्हणून हाक मारत होतं. एकोणीस वर्षं त्या हाकांत सर्वांत मोठा आवाज माझा होता, हे मला उभ्या उभ्या कळलं.

"मला सांगायचंत," मी म्हणालो.

"तुम्हीच म्हणालात, कुणाला कळणार नाही. मी विश्वास ठेवला. कळलं नाहीच."

"अर्ज मागे घ्या. मी ती खिडकी बंद करतो. म्हणजे, तुमच्यासाठी उघडतो."

"बघू," त्या म्हणाल्या.

मी समाधानाची वेळ रद्द केल्याचं पत्रक लावलं. अर्ध्या तासात बशीर वर आला. आता तो हिशेबाचा बशीर नव्हता, युनियनचा होता. "सी रऊफ, एकदा दिलेला हक्क परत घेता येत नाही. आमची चार मिनिटं आमची आहेत."

"पण तुम्ही सगळे तक्रारीच करत होतात."

"तक्रार करणं वेगळं आणि सोडणं वेगळं."

मी रात्रभर विचार केला असं म्हणायला आवडलं असतं, पण उपाय मला तिथेच, त्याच्यासमोरच सुचला. मी म्हणालो, "खिडकीत दाटी होते. गच्चीवर या. तिथून सगळं बंदर दिसतं. छत्री लावतो, खुर्च्या टाकतो." बशीरने ते लिहून घेतलं, खुर्च्यांची संख्या वाढवून घेतली, आणि मान्य केलं. पहिला आठवडाभर सगळे गच्चीवर गेले. आता चार-पाचजण जातात, समुद्राकडे पाठ करून बसतात, ट्यूना घातलेले पाव खातात आणि फुटबॉलवर भांडतात. बशीर म्हणतो, समाधान वाढलंय.

खिडकीला कडी बसवली. कुंडी हलवली. काच पुसायची नाही असं मी सांगून ठेवलं. पण लल्ला रादिया म्हणाल्या, "टेलिफोनचं काय? आधी मी तो वाजू द्यायची. आता माझ्यामुळे गाजावाजा झाला. आता वाजला की सगळ्यांना कळेल, मी कुठे आहे."

"मी बसतो तुमच्या जागी. रोज चार मिनिटं."

त्यांनी माझ्याकडे कधीतरी मी लोकांच्या कपांकडे बघायचो तसं बघितलं. "तुम्हाला जमेल?"

"फोन उचलायचा, कुणाला हवं ते विचारायचं. त्यात काय आहे?"

पहिल्या दिवशी त्या तीन त्रेचाळीसला उठल्या, ओढणी सारखी केली आणि जिना चढून गेल्या. घाई न करता, एकेक पायरी. मी त्यांच्या खुर्चीत बसलो. खुर्ची बुटकी होती, आणि तिथून दारातून फक्त रस्त्याचा एक तुकडा, एक पिवळी भिंत आणि वाळत घातलेली चादर दिसत होती. मी मनाशी म्हटलं, इथे सव्वीस वर्षं. भिंतीवरचं ऊन हळूहळू सरकत होतं. मला जरा गुंगी आल्यासारखं झालं.

फोन वाजला. मी गडबडून बटण दाबलं, दुसरं दाबलं, मग बरोबरचं दाबलं. घाईत घशातून भलताच बारीक आवाज निघाला.

"रादिया, मी कौसर," पलीकडून बाई म्हणाल्या. कौसर माझी बायको. मी तोंड उघडलं, पण ती थांबलीच नाही. "आज जरा लवकर करतेय फोन. काय म्हणताय, आज कसे आहेत आमचे हे?"

"म्हणजे?" मी त्याच बारीक आवाजात विचारलं.

"अहो, रोजच्यासारखंच. सकाळपासून कुणावर ओरडलेत का? लोकांची मनं ओळखत हिंडतायत का? तसं असलं तर मी आपली सहाच्या आत बहिणीकडे निघते. सांगेन, तिला बरं नाही. आणि शांत असले तर घरी थांबते, मासे आणलेत. तुमचा आवाज असा काय येतोय? सर्दी झालीय का?"

गेली सहा वर्षं माझी मेहुणी आठवड्यातून दोनदा तरी आजारी असते. मी तिच्यासाठी दोन वेळा डॉक्टर बदलून दिला आहे. एकदा मध पाठवला होता.

"हो, जरा सर्दी आहे," मी म्हणालो. मग थोडा विचार केला. खरं काय ते सांगावं असं मनापासून वाटलं. "आज शांत आहेत. फार शांत. कुणाशी बोललेच नाहीत."

"बरं झालं," कौसर म्हणाली. "मग थांबते. काळजी घ्या हं, रादिया. लिंबू घालून गरम पाणी प्या."

मी फोन ठेवला आणि पिवळ्या भिंतीकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. लल्ला रादिया खाली आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अजून पाण्याचा उजेड होता. मी खुर्ची सोडून उठलो.

"काही फोन?" त्यांनी विचारलं.

"एकच," मी म्हणालो. "माझी मेहुणी बरी झाली."

लल्ला रादियांनी ओढणीचं टोक ओठांवर धरलं, बसल्या आणि पुढचा फोन घेतला.